जेवणानंतरचं प्लास्टर

"असा नियम कुठे असतो?" नव्या मालकीणबाई म्हणाल्या आणि हसल्या. वाईट हसल्या नाहीत, त्यांना खरंच हसू आलं. मी एवढंच म्हटलं होतं की प्लास्टर जेवणानंतर भरायचं असतं, सकाळी नाही, हा आपल्या धंद्याचा नियम आहे. आम्ही दात बनवतो. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात, मावशी त्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढतात, आणि त्या साच्यावर मी सिरॅमिकचा दात चढवते. काही मापं आली की लगेच भरावी लागतात, नाहीतर आकसतात. रबराची मात्र थांबू शकतात, आणि आमच्याकडे ती जेवण होईपर्यंत थांबायची. मी इथे लागले तेव्हापासून थांबायची. "तुमच्या वडिलांनीच सांगितलं होतं मला," मी म्हटलं. "बाबांनी?" त्या म्हणाल्या. "अहो, बाबा तर आल्या आल्या भरा म्हणणारे. उगाच अर्धा दिवस फुकट जातो यात. उद्यापासून सकाळी." मी बाकीच्यांकडे पाहिलं. मेणबत्ती, म्हणजे आमचा मेणाचं काम करणारा उंच, फिकट माणूस, एका दाढेवर इतका वाकला की नाक मेणाला लागलं असतं. कवळीकाका हातातल्या कवळीवर फुंकर मारत राहिले, तिच्यावर धूळ नव्हती तरी. आणि मावशींनी धुतलेलं रबरी वाडगं पुन्हा धुवायला घेतलं. मला माणसांचे चेहरे चटकन वाचता येत नाहीत, पण कोणी स्वच्छ वाडगं पुन्हा धुतं तेव्हा काहीतरी आहे एवढं मलाही कळतं.

नियम मोडला तर माझ्या पायाखालची फरशी हलते. हे मी लाडाने सांगत नाही, मला खरंच तसं जाणवतं. त्यात हा नियम माझा आवडता होता. जेवण झालं की मावशी पाण्यात प्लास्टर कालवायच्या, मग थरथऱ्या सुरू करायच्या. थरथऱ्या हे आमच्या यंत्राचं आम्हीच ठेवलेलं नाव. पाटाएवढं ते यंत्र सारखं थरथरत असतं. त्यावर माप टेकवून प्लास्टर ओतलं की आतले बुडबुडे वर येऊन फुटतात, नाहीतर साच्यातल्या दातांना भोकं पडतात. त्याचा आवाज जाड, खालचा, एकसारखा. तो सुरू झाला की टेबलाच्या लाकडातून माझ्या कोपरांपर्यंत यायचा, कोपरांतून मानेत, आणि मग रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्या जिन्यातल्या चपला, दिव्याच्या नळीची बारीक किणकिण, हे सगळे एकेक करून माझ्या अंगावरून उठून जायचे. मी डोकं हातांवर टेकायची. थोड्या वेळाने उठायची तेव्हा गालावर बाहीची शिवण उमटलेली असायची आणि समोरच्या, दातांच्या छटा जुळवायच्या पट्टीवरचे रंग पुन्हा वेगवेगळे दिसत असायचे. मला वाटायचं, टेबलाशी डुलकी लागते सगळ्यांना, कोणी कोणाला बोलत नाही, हाही नियमच असेल.

रात्रीचं माझं गणित लहानपणापासूनच चुकलेलं. घरात सगळे झोपले की घर जागं व्हायचं. नळ, खिडकीची कडी, भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्याचा खोकला, आईच्या बांगड्या कुशी बदलताना. प्रत्येक आवाज माझ्याकडे येऊन उभा राहायचा, जणू मीच त्याची नोंद घ्यायची होती. मला वाटायचं, मी ऐकणं थांबवलं तर काहीतरी निसटेल. काय निसटेल ते सांगता यायचं नाही. आई म्हणायची, "डोळे मिट म्हणजे झोप येईल." मी डोळे मिटायची. डोळ्यांचा प्रश्नच नव्हता. दादा शेजारच्या गादीवर धोंड्यासारखा पडलेला असायचा आणि सकाळी मला घुबड म्हणायचा. शाळेत मग दिवसभर बाईंचे शब्द माझ्यापर्यंत फुटून यायचे, शेवटचा आधी, पहिला नंतर. कालपर्यंत येत असलेली बेरीज आज यायची नाही. कोणी खांद्याला हात लावला तर मी किंचाळायची. हट्टी, खोडसाळ, नाटकी, अशी विशेषणं प्रगतिपुस्तकात जागा मिळेल तशी लिहिलेली असायची.

माझी झोप ओळखली ती माझ्या बाबांनी. बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीला होते. तिथे एक पद्धत होती. पुढच्या पाळीचा माणूस आला तरी आधीचा उठायचा नाही. नव्या माणसाने यंत्रांच्या सगळ्या काट्यांवरून नजर फिरवायची, खुर्चीशी उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "चार्ज घेतला." मगच पहिल्याने उठायचं. नुसती मान हलवून चालायचं नाही. एकदा आईने चिडून मला बाबांपुढे उभं केलं, "विचारा हिला, का झोपत नाही ती." मी म्हटलं, "मी झोपले तर ऐकणार कोण?" आईने कपाळावर हात मारला. बाबा हसले नाहीत. ते माझ्या पायाशी खुर्ची घेऊन बसले, सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, खिडकी, कडी, नळ, दादा, आणि म्हणाले, "चार्ज घेतला. जा तू." आणि मी गेले. इतकी सरळ गोष्ट होती. पुढे कित्येक वर्षं पाळी नसेल त्या रात्री बाबा त्या खुर्चीत बसले. आई म्हणायची, पोरीला लाडावून ठेवलीये. लाड कसले, ते माझी ड्यूटी करत होते. ज्या दिवशी बाबा गेले त्या दिवशी लोक मला रड म्हणत होते आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, की आता चार्ज कोणाकडे. हा प्रश्न मी मोठ्याने विचारला तेव्हा एक आत्या दुसरीला म्हणाली, "धक्का बसलाय तिला." धक्का तर बसलाच होता.

त्यानंतर मी झोपेशिवाय जगायला शिकले असं म्हणता आलं असतं, पण तसं कोणालाच शिकता येत नाही. झोप नसली की माझं डोकं एकदम बंद पडत नाही, एकेक खोली बंद होत जाते. आधी रंग जातात. मग डावं-उजवं. मग शब्द, म्हणजे शब्द असतात पण उचलता येत नाहीत. मग चीड येते, उगाच, दाराच्या मुठीवर, पावडरच्या डबीवर. सगळ्यात शेवटी भीती, आणि तिचं कारण शोधत बसलं की ती वाढते. खूप उशिरा, केस पांढरे व्हायला लागल्यावर, एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की मी ऑटिस्टिक आहे. त्यांच्या खोलीतला पंखा कुरकुरत होता, त्यांनी न विचारता तो बंद केला, तेव्हाच मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. मी म्हटलं, "पण मग माझं डोकं कधी चालतं कधी नाही, असं का?" त्यांनी माझ्या झोपेबद्दल विचारलं आणि मी सांगत असताना पेन खाली ठेवून ऐकलं. म्हणाल्या, "तुमच्यासारख्या खूप जणांना झोपेचा त्रास असतो. आणि झोप बिघडली की लक्ष, आठवण, मन, सगळ्यालाच ओढ बसते. तुम्ही आयुष्यभर या दोन वेगळ्या तक्रारी समजत आलात. झोप आणि डोकं ही दोन खाती नाहीत हो." गोळ्याही दिल्या, पण गोळ्यांनी अंग जड आणि कान जागे असं विचित्र काहीतरी व्हायचं, म्हणून बंद केल्या. मग त्यांनी विचारलं, "दिवसात कधी शांत झोप लागते का?" मी म्हटलं, "हो. कामावर. जेवणानंतर." त्या म्हणाल्या, "मग ते जपा." मी जपायचं काय, तो तर नियमच होता.

दुसऱ्या दिवसापासून मावशी प्लास्टर सकाळी भरायला लागल्या. थरथऱ्या सकाळी वाजला, तेव्हा माझ्या हातात ब्रश होता आणि दार सारखं उघडत-मिटत होतं. दुपारी जेवण झालं आणि पुढे काहीच आलं नाही. नुसती दुपार. मी टेबलावर डोकं टेकून पाहिलं, तर नळीची किणकिण कानात शिरून बसली. पुढे महिनाभरात खोल्या एकेक करून बंद झाल्या. रंगाच्या पट्टीवरचे सगळे दात एकाच बशीत उकडल्यासारखे दिसायला लागले. मेणबत्तीने चहा पुढे केला तर मी त्याच्यावर ओरडले. आणि मग मी तो दात केला. एका बाईंचा वरचा पुढचा दात. भट्टीतून निघाला तेव्हा माझ्या हातून इतका सुरेख दात कधी झाला नव्हता. कडेची ती निळसर पारदर्शक छटा, आत दिसतील न दिसतील अशा रेषा. पण पुढच्या दाताचा बाहेरचा कोपरा गोलसर असतो आणि आतला टोकदार, आणि मी ते नेमकं उलटं केलं होतं. तो दुसऱ्या बाजूचा दात होता. त्या बाईंच्या तोंडात तो फक्त आरशात बसला असता. डॉक्टरांनी फोन केला. मालकीणबाईंनी दात माझ्या टेबलावर ठेवला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमचा हात मला माहितीये. पण असं पुन्हा झालं तर मला तुम्हाला पॅकिंगला बसवावं लागेल. माझाही नाइलाज आहे." पॅकिंगला म्हणजे डब्या बंद करायला. मला दातांशिवाय काही येत नाही. काही येत नाही म्हणजे दुसरं काही आवडत नाही, आणि माझ्या बाबतीत त्या दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच होतो. त्याच आठवड्यात जबड्याचं माप थेट पडद्यावर उतरवणारं यंत्र आलं, प्लास्टरची खोली रिकामी करायचं ठरलं, आणि मावशींना निरोपाचा गुच्छ मिळाला.

त्या दिवशी जिन्यात कवळीकाकांनी मला थांबवलं. ते कधी जिन्यात थांबत नाहीत, त्यांच्या गुडघ्यांना ते परवडत नाही. म्हणाले, "तुला आता सांगायला हरकत नाही. ते जेवणानंतरचं प्लास्टर तुझ्यासाठीच होतं गं." मी म्हटलं, "म्हणजे?" "म्हणजे काय म्हणजे? तू नवी होतीस. सदा रडवेली, कोणी बोललं की दचकायचीस. एक दिवस मावशी उशिरा प्लास्टर भरत होत्या आणि तू टेबलावर गाढ. उठलीस ती वेगळीच बाई. मावशी मोठ्या साहेबांकडे, बाईंच्या वडिलांकडे गेल्या, म्हणाल्या, मी रोज यावेळीच भरते, कुठे बिघडतंय. साहेब म्हणाले, भरा, पण तिला सांगू नका, ती नको म्हणेल. नियम आहे म्हणून सांगा, नियम ती मोडायची नाही." मी कठडा धरला. "आणि तुम्ही?" "मी काय, पॉलिशची मोटर तेवढा वेळ बंद ठेवायचो. तो मेणबत्त्या शिंकायला बाहेर जायचा. बरं, जाऊ दे मला, गुडघे बोलायला लागले."

मी जिन्यातच बसले. लोक माझ्याबद्दल म्हणतात की हिला कोणाचं काही वाटत नाही. वाटतं. पण एकदम वाटतं, आणि इतकं की कुठे ठेवावं ते कळत नाही, मग चेहऱ्यावर काहीच येत नाही. त्या जिन्यात मला सगळ्या दुपारी मागून पुढे आठवायला लागल्या. काका मोटर बंद करून नुसते खिडकीशी उभे असायचे, मला ते आळशी वाटायचे. मेणबत्ती नाक दाबून धावत बाहेर जायचा, मला वाटायचं त्याला सिगरेट ओढायची असेल. मावशी एवढ्याशा मापांना एवढा वेळ लावायच्या, मला त्या संथ वाटायच्या. मी आतल्या आत त्यांना संथ म्हणत होते आणि त्या हात दुखेपर्यंत रिकामा थरथऱ्या चालू ठेवत होत्या. जगात माझी सोय कोणीच केली नाही असं मी त्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, चांगलं ठणकावून. आणि इथे एक आख्खं दुकान, शिंका बाहेर नेऊन, मला झोपवत होतं. मला रडू आलं. जिन्यातून जाणाऱ्या एका माणसाने विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, नाही, सापडलंय. तो घाईने निघून गेला.

भंगारात निघालेला थरथऱ्या मी मागून घेतला. "कशाला हवाय?" मालकीणबाईंनी विचारलं. मी "असू दे" म्हटलं, कारण तेव्हा मला शब्द उचलता येत नव्हते. सुट्टीच्या दिवशी जेवून मी तो माझ्या खोलीत टेबलावर ठेवला, सुरू केला, डोकं टेकवलं. आवाज तोच. लाकडातून कोपरांत आला, मानेत आला, आणि तिथे थांबला. हॉर्न उठून गेले नाहीत. मी यंत्र खाली ठेवून पाहिलं, उशीखाली ठेवून पाहिलं, घरात होत्या त्या वस्तू त्याच्यावर ठेवून पाहिल्या. एक कप फुटला. मग कपाचे तुकडे गोळा करताना मला ते कळलं, आणि इतका साधा हिशेब मला इतका उशिरा लागावा याचं हसूही आलं. मला आवाजाने झोप येत नव्हती. तो आवाज म्हणजे मावशी जाग्या होत्या. तो सुरू आहे तोवर कोणीतरी तिथे उभं आहे, त्याचे हात चालले आहेत, त्याचं लक्ष आहे, आणि मी पाळीवरून उतरले तरी चालणार आहे. बाबांनंतर कोणी "चार्ज घेतला" म्हणालं नव्हतं, पण रोज जेवणानंतर कोणीतरी तो घेत होतं.

मावशींचं घर कामाच्या मागच्याच गल्लीत, हे मला माहीत होतं, पण मी कोणाच्या घरी न बोलावता जात नाही. त्या दिवशी गेले. थरथऱ्या पिशवीत घालून, दारात उभी राहून, वाटेत पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "मावशी, मला झोप येत नाही. मी तुमच्याकडे झोपू का?" दुपारी दारात येऊन असं कोणी विचारत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "ह्याला पण घेऊन आलीस?" म्हणाल्या. "ये. चपला काढ. आणि इतके दिवस काय करत होतीस गं, दारं मोजत?" त्यांनी यंत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं, सुरू केलं, आणि सवयीने त्याच्यावर हात टेकवून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "मला सगळं कळलंय. काकांनी सांगितलं." "त्याच्या पोटात काही राहतच नाही." "मावशी, मी तुम्हाला संथ म्हणत होते. मनात." "बरं. आता झोप." "मला आभार मानायचेत." "उठल्यावर मान. कुठे पळून जात नाही मी." मी डोकं टेकवलं. हॉर्न उठले, चपला उठल्या. मी उठले तेव्हा खिडकीतलं ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलं होतं आणि मावशींच्या पडद्यावरच्या फुलांत पिवळ्याच्या निरनिराळ्या छटा दिसत होत्या. मी आभार मानले. नीट मानता आले नाहीत, पण मोठ्याने मानले.

दुसऱ्या दिवशी डोकं जागेवर होतं, म्हणून शब्दही होते. मी मालकीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं, खोल्यांचं, उलट्या दाताचं, नियमाचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाबांनी मला हे का नाही सांगितलं?" "कदाचित तुम्ही हसाल म्हणून," मी म्हटलं. असं म्हणायचं नसतं, ते मला नंतर कळलं. पण त्या रागावल्या नाहीत. "हसलेच होते की मी," त्या म्हणाल्या. "जेवणाची सुट्टी मोठी घ्या. संध्याकाळी तेवढं उशिरा थांबा. मला दात सरळ हवेत, बाकी तुमचं तुम्ही बघा." आणि दात सरळ होत आहेत. आरशातल्या बाईंचाही पुन्हा करून दिला, तो बसला, त्यांनी डॉक्टरांकडून निरोप पाठवला की दात कोणता खोटा ते नवऱ्याला ओळखता येत नाही. त्या निरोपाने मी दिवसभर खूश होते. पॅकिंगचं नाव पुन्हा निघालेलं नाही.

तर आता रोज जेवून मी मागच्या गल्लीत जाते. परवा असं झालं की मला नेहमीपेक्षा आधी जाग आली. थरथऱ्या चालू होता. मावशी खुर्चीत बसल्या होत्या, एक हात यंत्रावर, आणि त्यांची मान खाली जात होती. गेली, की दचकून वर येत होती, आणि त्या डोळे ताणून आधी माझ्याकडे पाहत होत्या. पुन्हा मान खाली, पुन्हा दचकून वर. मी पडल्या पडल्या ते पाहिलं आणि मला पंपावरची खुर्ची आठवली, जिच्यातून कोणी आल्याशिवाय उठायचं नसतं. काम सुटल्यापासून त्यांना स्वतःला रात्री झोप नाही, हे त्या मला बोलता बोलता एकदा म्हणाल्या होत्या. म्हणाल्या होत्या, आणि मी चहा पीत होते. मी उठले. "मावशी, तुम्ही आडव्या व्हा." "झालं तुझं? इतक्यात?" "झालं. तुम्ही पडा." "अगं, हे चालू आहे, दार उघडं आहे, दूधवाला येईल—" मी दाराकडे पाहिलं. खिडकी पाहिली, नळ पाहिला, गॅसचं बटण पाहिलं, मग त्यांच्या खुर्चीशी उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "चार्ज घेतला. जा तुम्ही." "म्हणजे काय गं?" त्या म्हणाल्या, पण उठल्या, पलंगावर टेकल्या, आणि मी सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांना झोप लागली होती. मी त्यांच्या खुर्चीत बसले. यंत्रावर हात ठेवला. जिन्यात चपला वाजल्या, कुठेतरी भांडं पडलं, दूर एक हॉर्न वाजत राहिला, आणि सगळे आवाज पूर्वीसारखे एकेक करून माझ्यापुढे येऊन उभे राहिले. या म्हटलं. मी कान उघडे ठेवून बसले. तेवढं मला जन्मापासून येतं.